ओंडके ओढतांना ट्रॅक्टर कां उलटतो ?

रब्बीचा माल घरांत आला आणि खळें मोकळें झालें, म्हणजे खानदेशांतील शेतकऱ्याचें लक्ष बांधावरील वठलेल्या झाडांकडे जातें. तापीकांठच्या मळ्यांतून आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या तालुक्यांतून निंब, बाभूळ, आंबा यांचे बुंधे घरीं अगर वखारींत नेण्याचें काम मग निघतें. पूर्वीं तें कुऱ्हाड, करवत आणि दोन-तीन बैलजोड्या यांवर होत असे. आतां यांत्रिक करवत व ट्रॅक्टर हीं साधनें त्यांच्या जागीं आलीं आहेत. दिवसाचें काम तासावर आलें ही गोष्ट खरी. परंतु ओझें फार झालें कीं बैल आपण होऊन थांबतो, यंत्र थांबत नाहीं, हा भेद पुष्कळांच्या ध्यानांत अजून आलेला दिसत नाहीं. म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका मळ्यांत आमच्या डोळ्यांदेखत घडलेला प्रकार प्रथम सांगतों. जुना निंब पाडला होता. बुंधा ओढण्यासाठीं सालदारानें साखळी खालच्या हुकाला न अडकवितां वर टॉप लिंकच्या खिळ्याला बांधली. खालीं बांधली तर बुंध्याचें तोंड मातींत रुततें, वर बांधली म्हणजे उचललें जातें, असें त्याचें म्हणणें. आणि तें आम्हांसहि पटलें. क्लच सुटला, बुंधा जागचा हालला नाहीं, ट्रॅक्टराचीं पुढचीं चाकें मात्र कमरेइतकीं वर आलीं. साखळीची एक कडी तुटली म्हणून ट्रॅक्टर पुन्हा चार चाकांवर आदळला आणि सालदार वांचला. कडी मजबूत असती तर काय झालें असतें, हें लिहावयास नको.

असें कां व्हावें ? इंजिनाचा जोर मागच्या चाकांना फिरवितो. तीं फिरलीं तर ट्रॅक्टर पुढें जातो. ओंडक्यानें ट्रॅक्टर मागें धरून ठेवला आणि चाकांनीं जमीन घट्ट धरली, तर तोच जोर मागच्या आंसाभोंवतीं सर्व धूड फिरवूं लागतो व तोंड आकाशाकडे जातें. साखळी जमिनीपासून जितकी उंच बांधावी, तितका हा उलटविणारा जोर वाढतो. हुकाची जागा आंसाच्या खालीं ठेवलेली असते ती याचसाठीं. तोंड उचलूं लागल्यापासून सुमारें पाऊण सेकंदांत ट्रॅक्टर सांवरण्याची वेळ निघून जाते आणि दीड सेकंदांत तो पाठीवर येतो. धोका ओळखून क्लच दाबावा इतका अवकाश बहुधा मिळत नाहीं. ‘आमचा चालक हुशार आहे’ या भरंवशावर राहणें म्हणूनच व्यर्थ होय.

हा दोष नवा नाहीं. १९१७ सालीं अमेरिकेंत निघालेला फोर्डसन ट्रॅक्टर हलका व स्वस्त म्हणून फार खपला. परंतु नांगर अडला कीं मागें उलटतो, अशी त्याची अपकीर्ति झाली. पुढें हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञानें तीन ठिकाणीं जोडणारी जोडणी सिद्ध केली. तींत नांगर अडला असतां टॉप लिंक पुढें रेटली जाते आणि ट्रॅक्टराचें तोंड खालीं दाबलें जातें. आज आपल्याकडील ट्रॅक्टरांवर हीच जोडणी असते. अर्थात् नांगरटींत ज्या दांड्यानें तोंड खालीं दाबावयाचें, त्याच्याच खिळ्याला ओंडका बांधणें म्हणजे जीव राखण्यासाठीं केलेली सोय जीवावर उलटविणें होय.

ओंडके ओढतांना पुढील गोष्टी कटाक्षानें पाळाव्या :—

(१) साखळी नेहमीं खालच्या हुकालाच बांधावी. बुंध्याचें तोंड रुतत असेल तर तें तासून गोल करावें, अगर ओंडका कापून लहान करावा. साखळी वर नेऊं नये.

(२) लहान गिअर घ्यावा. साखळी ताणली जाईपर्यंत सावकाश सरकावें व क्लच हळूहळू सोडावा. हिसका देऊं नये.

(३) काळ्या जमिनींत चाक रुतलें तर त्यापुढें लाकूड घालून तें अडकवूं नये. अडकलेलें चाक फिरूं शकत नाहीं व ट्रॅक्टरच फिरतो. मागें घेऊन निघावें, किंवा माती उकरावी.

(४) नाल्याचा कांठ जितका खोल, निदान तितकें अंतर त्याच्या कडेपासून ठेवावें.

(५) मडगार्डवर मूल काय, मोठा माणूस काय, कोणासहि बसवूं नये. ताणलेल्या साखळीजवळ कोणी उभें राहूं नये. वरील प्रसंगीं तुटक्या कडीनें जीव वांचविला हा केवळ योगायोग. एरव्हीं तुटलेली साखळी चाबकासारखी येऊन जीव घेते.

(६) स्वीडन देशानें १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यु पुढें फारच घटले. चौकट असल्यास कमरेचा पट्टा अवश्य बांधावा. चौकट नसल्यास मात्र पट्टा बांधूं नये.

झाड पाडण्यापूर्वीं एक गोष्ट विसरूं नये. १९६४ च्या वृक्षतोडीसंबंधींच्या कायद्यान्वयें साग, आंबा, चिंच, मोह इत्यादि झाडें स्वतःच्या मालकीचीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. पाडतांना ज्या बाजूस झाड पडावयाचें त्या बाजूस बुंध्याच्या जाडीच्या चौथाईपर्यंत खांच घ्यावी. मग पाठीमागून काप घेतांना जाडीच्या दहाव्या हिश्शाइतकी पट्टी बिजागरीसारखी राखावी. ती सर्व कापल्यास झाड कोठें पडेल याचा नेम नाहीं. पळण्याची वाट मागें तिरकी, आधींच साफ केलेली असावी आणि इतर मंडळी झाडाच्या दुप्पट उंचीइतकी दूर असावी. यांत्रिक करवत दोन्ही हातांनीं धरावी व खांद्याच्या वर नेऊं नये. पात्याच्या टोंकाचा वरचा भाग लाकडास लागला तर करवत उसळून तोंडावर येते. उपरणें व सैल धोतर या कामीं वर्ज्य समजावें.

देखभाल ही वेगळी गोष्ट नसून सुरक्षिततेचाच भाग आहे. सकाळीं ब्रेक, टायरांतील हवा, हुकाची पिन आणि साखळीची प्रत्येक कडी पाहावी; झिजलेली कडी तारेनें बांधून चालवूं नये. करवतीची साखळी इंजिन बंद असतां व थंड झाल्यावर ताणावी, दांते धारदार ठेवावे. बोथट साखळीस माणूस जोर लावतो आणि तेथेंच घात होतो. पेट्रोल तापलेल्या यंत्रांत भरूं नये, आणि जेथें भरलें तेथून दहा पावलें दूर जाऊन मगच यंत्र सुरू करावें.

शेवटीं मालकांस एक विनंती. साखळी बहुधा सालदार बांधतो, परंतु ती कोठें बांधली हें पाहण्याचें काम मालकाचें आहे. त्या दिवशीं आम्हीं शेजारीं उभे राहून मान डोलाविली, ही चूक आमची होती. ओंडका उद्यां नेतां येतो. सालदाराच्या घरीं सायंकाळीं वाट पाहणारी माणसें असतात, इतकें ध्यानांत ठेवून साखळीला एकदां स्वतः हात लावावा आणि मगच ‘चल’ म्हणावें.