शोकातून साकारलेले शिरस्त्राण

दुचाकीवरून नित्य प्रवास करणाऱ्यांमध्ये एक अबोल नाते असते. सिग्नलपाशी रोज भेटणारा, कार्यालयाच्या वाहनतळावर शेजारी गाडी लावणारा सोबती एके दिवशी अपघातात जातो आणि मन सुन्न होते. श्रद्धांजली वाहिली जाते, चार दिवस वाहने सावकाश चालविली जातात. पाचव्या दिवशी हेल्मेट पुन्हा आरशाला अडकविले जाते. या शोकाचे पुढे काय करावयाचे? या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडमधील एका शल्यचिकित्सकाने कृतीतून दिले.

एक मृत्यू

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने विख्यात झालेले टी. ई. लॉरेन्स हे मोटारसायकलचे निस्सीम चाहते होते. हवाई दलाच्या सेवेत असताना १९२७-२८ मध्ये त्यांचे वास्तव्य तत्कालीन हिंदुस्थानातील कराची येथेही होते. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यातील आपल्या घराकडे ‘ब्रफ सुपिरिअर’ गाडीवरून परतत असता, रस्त्याच्या उतारामुळे सायकलवरील दोन मुले त्यांना ऐनवेळी दिसली. मुलांना वाचविण्याच्या प्रयत्नात ते गाडीवरून फेकले गेले. मुले बचावली, परंतु हेल्मेट नसल्याने लॉरेन्स यांच्या डोक्यास जबर मार बसला. सहा दिवस ते शुद्धीवर आले नाहीत. १९ मे रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मोरटन येथील अंत्यविधीस विन्स्टन चर्चिल यांच्यासह अनेक चाहते उपस्थित होते.

एक अभ्यास

लॉरेन्स यांच्यावर उपचारासाठी पाचारण केलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. रुग्ण वाचविता आला नाही, हे शल्य उराशी न कवटाळता त्यांनी अशा मृत्यूंचा पद्धतशीर अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसणारे मृत्युमुखी पडल्याचे त्यांनी १९४१ मध्ये निदर्शनास आणले. हेल्मेट घातलेल्या जखमींची अवघी ७ प्रकरणे त्यांना आढळली आणि त्या सातही व्यक्ती वाचल्या होत्या. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. त्यानंतर मृत्यू घटत गेल्याचे केर्न्स यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले. सर्वसामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये ही सक्ती १९७३ मध्ये आली. ती पाहण्यास केर्न्स हयात नव्हते. १९५२ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

आपल्यासाठी धडा

हेल्मेटचे कार्य सोपे आहे. त्याचे कठीण कवच आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरविते, तर आतील फोमचा थर स्वतः चेपून कवटीवरील दाब कमी करतो. म्हणूनच एकदा जोराचा आघात सोसलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी बदलावयास हवे. हनुवटीखालील पट्टा बांधला नसेल, तर ते आघातापूर्वीच निसटू शकते.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार चालक व मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. खरेदी करताना आय.एस.आय. चिन्ह अवश्य पाहावे.

सावधगिरीनंतरही अघटित घडू शकते. म्हणून आर्थिक संरक्षणाचाही विचार हवा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदारास अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. २०२२ पासून वार्षिक हप्ता २० रुपये आहे व तो बचत खात्यातून परस्पर वळता होतो. मात्र हप्त्याच्या वेळी खात्यात शिल्लक नसेल, तर संरक्षण खंडित होऊ शकते. खात्यावर वारसाचे नामांकन आहे किंवा नाही, हेही शाखेत जाऊन तपासावे. विमा घरच्यांना आधार देतो. गेलेले माणूस मात्र परत आणीत नाही.

गेलेल्या सोबत्याचे स्मरण छायाचित्राला हार घालून होते, तसेच ते गाडी सुरू करण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा आवळतानाही होऊ शकते. मागे बसणाऱ्यासाठी दुसरे हेल्मेट घेतले, तर ते स्मरण अधिकच सार्थ ठरेल.