पालकांनी हात मांडीवर ठेवावेत

पेण

चि. मुक्ता,


तुझा फोन ठेवला आणि तासाभरात दादाचा आला. त्याचं म्हणणं एवढंच, की चांगली नोकरी सोडून पोरगी आता लोकांच्या पोरांना चिखलात खेळवणार आणि वर त्याचे पैसे घेणार. मी त्याला म्हटलं, पैसे घेतेय हे उत्तम आहे. फुकट खेळवलं असतं तर सोसायटीने तिचं पाळणाघर करून टाकलं असतं. तेव्हा त्याची काळजी करू नकोस. तू पाठवलेलं माहितीपत्रक मात्र मी नीट वाचलं, आणि त्याबद्दल बोलायचं आहे.

त्यावरची ‘मेंदूचा सर्वांगीण विकास’ ही ओळ आधी काढ. पहिल्या तीन वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होते हे खरं. पण ती तुझ्या शनिवारच्या पाऊण तासाने होत नाही. घरात दिवसभर मुलाशी कोण बोलतं, कोण त्याला उचलून घेतं, कोण त्याला भांड्यांत हात घालू देतं, यावर ती चालते. आठवड्यातून एकदा साबुदाण्यात हात घातल्याने कुणाचा बुद्ध्यांक वाढलेला मी तरी पाहिला नाही. त्याऐवजी लिही : ‘मुलं भिजतील, कपडे मळतील, कपड्यांचा एक जोड जास्तीचा आणा.’ एवढं वाचून जे येतील तेच तुझे लोक.

साहित्याचा परदेशी संच मागवू का, असं विचारलंस. नको. माँटेसरीबाईंनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं तेव्हापासून त्या साधनांचा दबदबा आहे, आणि तो बिनबुडाचा नाही. पण आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि तिथून दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. महागडी साधनं खेड्याला परवडणार नाहीत हे त्यांना दिसत होतं. मग शिंपले, दगड, बिया, पानं, असं हाताशी मिळेल ते साधन झालं. आम्हाला अंगणवाडीच्या प्रशिक्षणात हेच शिकवलं आणि मी ते नोकरीभर वापरलं. तेव्हा बोहरी आळीत जा, दोन मोठ्या पराती, चार-पाच फुलपात्री, एक नरसाळं, एक चाळण, लाकडी डाव आणि मेणकापड घे. झालं सामान.

इथे एक मेख आहे. ताराबाईंच्या बालवाडीतली मुलं अडीच-तीनच्या पुढची. तुझी आहेत एक ते तीनची. या वयाला हाताइतकंच तोंड हेही ओळखीचं साधन असतं. वस्तू दिसली की पकडायची आणि पकडली की तोंडात घालायची, त्यात गैर काहीच नाही. म्हणून बालवाडीतल्या बियांची टोपली उचलून तुझ्या वर्गात मांडलीस तर घात होईल. चिंचोके, हरभरे, शेंगदाणे, मणी, गोट्या, काही म्हणता काही नको. शेंगदाणा तर आपल्याकडे लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंमध्ये सर्वांत पुढे. हरभरा नाकात गेला की ओल धरून फुगतो आणि मग काढायला डॉक्टरच लागतो. खेळण्यांच्या तपासणीत सुमारे सव्वा इंच व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जे पूर्ण मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलाला धोक्याचं. तू दीड इंच धर.

तुझ्या यादीत ‘वॉटर बीड्स’ आहेत, ते तर घरातही ठेवू नकोस. पाण्यात टाकले की फुगणारे ते रंगीत दाणे मुलाने गिळले तर पोटात जाऊन तसेच फुगतात आणि आतडं अडवतात. अमेरिकेत यावरून इतका गदारोळ झाला की 2023 च्या अखेरीला तिथल्या बड्या दुकानदारांनी मुलांसाठीचे हे दाणे विकणं बंद केलं. इथे ते ऑनलाइन सर्रास मिळतात. राजमा कच्चा असताना विषारी असतो, तो खेळायला नको. गुंजा दिसायला कितीही गोजिरवाण्या असल्या तरी जहर आहेत. कुणी आजी कौतुकाने घेऊन आली तर हसून परत दे. रांगोळी आणि टाल्कम पावडर श्वासातून आत जाते. पीओपीत मुलांच्या हाताचे ठसे घेण्याची सध्या फार हौस आहे, पण पीओपी घट्ट होताना तापतं आणि कातडी भाजू शकते. मिठाच्या कणकेत मीठ भरमसाट असतं. मुलाने ती मूठभर खाल्ली तर खेळ बाजूला राहील. आणि बटण-सेलवर चालणारं काहीही वर्गाच्या दाराबाहेर.

मग उरतं काय, असं म्हणशील. भरपूर उरतं. कोमट पाणी. शाडूची माती, ती मी इथून पाठवते; गणपती झाल्यावर कारखान्यांत कोरी माती शिल्लक असते, मी स्वतः बघून, बिनभेसळीची घेईन. शिजवून गार केलेल्या शेवया. बिटाचं पाणी, पालकाचं पाणी. आंब्याची मोठी पानं, केळीचा अख्खा सोप, नारळाची करवंटी, सुती आणि रेशमी कापडाचे मोठे तुकडे, घासून गुळगुळीत केलेला लाकडाचा ठोकळा. पीठ द्यायचंच तर भाजून दे, कच्चं नको. कच्च्या पिठात जंतू असू शकतात. नोंदणीच्या वेळीच विचारून ठेव, की गहू, दूध, दाणे यांपैकी कशाची कुणाला अॅलर्जी आहे.

अन्नाच्या खेळाबद्दल माझं मत जरा जुनाट आहे, तरी ऐक. मुख्यसेविका असताना मी ज्या कातकरी वाड्यांवर जायची, तिथे तांदूळ-डाळीने मुलांना खेळवणं मला कधी जमलं नाही आणि कुणी सुचवलं तर मी होऊ दिलं नाही. तुझा वर्ग भरणार त्या वाकडच्या क्लब हाउसमध्ये तो प्रश्न तसा नाही. पण तुझ्याकडेही आज्या येणार आहेत, ‘अन्नाशी खेळू नये’ हे त्यांच्या हाडात आहे, आणि त्यांना मागासलेलं ठरवून तुझा वर्ग मोठा होणार नाही. पाणी, माती, पानं आधी. अन्न फक्त अगदी छोट्यांसाठी, जिथे तोंडात जाणारच आहे म्हणून.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या वर्गात आठ मुलं असतील, त्याहून जास्त घेऊ नकोस, आणि आठ मोठी माणसं असतील. त्रास द्यायचा तर ही आठच देतील.

एका वाडीवरचा मुलगा सांगते. दीड वर्षाचा असेल. अंगणवाडीच्या ओट्यावर परातीत पाणी होतं आणि त्याच्या हाती फुलपात्र लागलं. त्याने ते भरलं आणि स्वतःच्या पायावर ओतलं. पाय मागे घेतला. मग पायाच्या ओल्या ठशाकडे बघितलं, त्यावर तळहात टेकला, तो उचलून बघितला. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं, पण आता पाय तिथेच ठेवला. नंतर फुलपात्र उंच धरून ओतलं. थेंब नाकावर उडाले तसा दचकला आणि हसला. मग खालून ओतलं, तर उडाले नाहीत. तसंच परत वरून. शेजारी बसलेल्या आजीला राहवेना. ती म्हणाली, वेडा आहे का रे, पाणी सांडतोस. आणि तिने हात धरून पाणी दुसऱ्या भांड्यात कसं ओतायचं ते दाखवलं. पोरगं उठून गेलं. खेळ संपला.

तुझ्या वर्गात ती आजी कुर्ता आणि स्मार्ट वॉच घालून येईल, इतकाच फरक. मुलाने मातीला बोट लावायच्या आत ती त्याचा अख्खा पंजा मातीत दाबेल, कारण पैसे भरलेत. बिटाचं पाणी दिसताच ‘व्हॉट कलर? से रेड’ सुरू होईल. मुलाने तोंडातून शब्द काढला नाही की शेजारच्या मुलाकडे बघितलं जाईल. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट सांग : पालकांनी हात मांडीवर ठेवावेत, फोन पिशवीत. मूल पडत असेल किंवा तोंडात नको ते घालत असेल तरच पुढे यायचं. प्रश्न विचारायचे नाहीत. मूल करतंय ते फक्त शब्दांत म्हणायचं. ‘गार लागलं.’ ‘सांडलं.’ ‘चिकट आहे.’ तेही मराठीत, किंवा घरात जी भाषा बोलतात तिच्यात. तेलुगू घरातल्या आईने तेलुगूत म्हणावं. तुझ्यासाठी तिने इंग्रजी बोलायची गरज नाही. सुरुवातीला लोक अवघडतील. दोन-तीन शनिवारांनी त्यांनाच मजा वाटू लागेल, कारण आपलं मूल काय करतं हे शांतपणे बघायला त्यांना एरवी कुणी बसवतच नाही.

एखादं मूल हात घालणारच नाही. ओलं, चिकट काही नकोच म्हणेल, कोपऱ्यात उभं राहून बघेल. बघू दे. त्याला डाव दे, नाहीतर करवंटी दे, म्हणजे हात न लावता ढवळता येईल. कधी महिनाभर नुसतं बघतात आणि एक दिवस कोपरापर्यंत हात बुडवतात. पण मूल प्रत्येक वेळी कान झाकत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं होऊन एकही शब्द बोलत नसेल, बोट दाखवत नसेल, तर आईला बाजूला घेऊन एवढंच सांग की एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. निदान तू करू नकोस आणि कुठल्याही आजाराचं नावही तोंडातून काढू नकोस. सेन्सरी थेरपी म्हणजे प्रशिक्षित ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम. पत्रकावर ‘थेरपी’ हा शब्द चुकूनही नको, कितीही गिऱ्हाईक मिळणार असलं तरी.

रेवाचं काय करणार आहेस, हे तू सांगितलं नाहीस. आईच्या वर्गात सर्वांत जास्त रडणारं मूल बहुतेक आईचंच असतं. तिची आई, आणि सात अनोळखी पोरं. तिची स्वतःची खेळणी वर्गात आणू नकोस. वर्गाचं सामान वेगळ्या पेटीत ठेव आणि ती पेटी घरी उघडायची नाही. पहिले काही आठवडे तिच्याबरोबर निनादला बसव. त्यालाही मांडीवर हात ठेवायला सांग. जावई असले तरी नियमात सूट नाही.

वेळ सकाळी दहाची धर. न्याहारी झालेली असते आणि दुपारची झोप लांब असते. संध्याकाळी सगळी चिडचिडी. पाऊण तास पुरे, त्यातही वीस मिनिटांनी अर्धी मुलं दाराकडे धावतील. त्यांना परत ओढून आणू नकोस. मळलेली माती आणि शेवया प्रत्येक वर्गानंतर टाकून दे. पराती साबणाने धू आणि कोरड्या कर. बादली भरून ठेवायची नाही, कधीच नाही. काही इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आणि ते बुडताना आवाज होत नाही.

पावसाळ्यात हात-पाय-तोंडाच्या फोडांची साथ येते, ती याच वयात फिरते. ताप, पुरळ, जुलाब असलेलं मूल घ्यायचं नाही. आई म्हणेल, कालच उतरलाय हो. तरी नाही. भांडण टाळायचं असेल तर चुकलेल्या वर्गाच्या बदली वर्ग दे. पैसे बुडणार नाहीत म्हटल्यावर लोक आजारी पोराला घरी ठेवतात. फीचं बाकी तुझं तू बघ, त्यातलं मला कळत नाही. फोटोंचं कळतं. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो लेखी परवानगीशिवाय कुठेही टाकायचा नाही, आणि अर्ध्या उघड्या, चिखलाने माखलेल्या मुलाचा तर परवानगी असली तरी नाही.

शेवटचं काम वर्ग उघडायच्या आधी कर. तुझ्या इमारतीतल्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे जा आणि घशात अडकलं तर काय करायचं ते हाताने करून शिक, बाहुलीवर. मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यायचं. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. आवाज बंद झाला, खोकताच येईना, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा, मग पोटावरचे दाब. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर नाही, छातीवर. हे वाचून येत नाही. निनादलाही बरोबर ने, आणि क्लब हाउसच्या भिंतीवर 108 मोठ्या अक्षरांत लाव. बाईंनी शिकवण्याचे पैसे मागितले तर दे. त्यांची तारीख मिळाली की मला फोन कर. माती त्याच आठवड्यात पाठवीन, आधी पाठवली तर गॅलरीत पडून वाळेल.

रेवाला गोड पापा.

तुझी
आत्या