शेताखालील खडकांची ओळख : संगणक व मोबाईलद्वारे भूविज्ञानाचा अभ्यास

विहीर खोदणे किंवा बोअर घेणे हा शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठ्या खर्चाचा निर्णय असतो. बोअर कोरडी गेली तर पैसा परत मिळत नाही, कर्ज मात्र फेडावे लागते. असे असूनही आपल्या शेताखाली कोणता खडक आहे, याची माहिती न घेताच बरेचदा जागा ठरविली जाते. पूर्वी ही माहिती मिळविण्यास कार्यालयात जाऊन नकाशे पाहावे लागत. आता उपग्रहाची छायाचित्रे व भूस्तराचे नकाशे मोबाईलवर विनामूल्य पाहता येतात. ते कसे वाचावेत आणि त्यावर कितपत विसंबावे, याचे चार पाठ प्रस्तुत लेखात दिले आहेत. गावातील पाच-सहा शेतकऱ्यांनी शाळेतील संगणकावर एकत्र बसून ते केल्यास अधिक उपयोग होतो.

खडक आणि पाणी

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्ट म्हणजे काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. अखंड काळ्या पाषाणात पाणी राहत नाही. ते मुरुमात, खडकाच्या भेगांत, बारीक पोकळ्या असलेल्या मांजऱ्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात राहते. दोन थरांमध्ये काही ठिकाणी गेरूचा तांबडा पट्टा आढळतो. थर बहुधा आडवे पसरलेले असल्याने एका विहिरीत दिसलेला पट्टा शेजारच्या विहिरीतही जवळपास त्याच पातळीवर सापडू शकतो. हे सूत्र ध्यानात ठेवून पुढील अभ्यास करावा.

पाठ १ : चढ-उतार पाहणे

संगणकावरील गुगल अर्थमध्ये आपले शेत शोधावे. माथ्यापासून नाल्यापर्यंत शेतातून जाणारी एक रेषा आखावी व तिचा उंचीचा आलेख काढावा. आपले शेत माथ्यावर, उतारावर की सखल भागात आहे, हे त्यावरून कळते. माथ्यावर मातीचा व मुरुमाचा थर सहसा पातळ असतो, तर सखल भागात तो जाड असून पाणी साठण्यास अधिक वाव असतो.

या उंचीत काही मीटरची चूक असू शकते. म्हणून समपातळी बांध आखण्यासाठी ती वापरू नये. त्यासाठी डंपी लेव्हल, ए-फ्रेम किंवा पाणी भरलेली पारदर्शक नळीच वापरावी.

पाठ २ : भूरूपांचे नकाशे वाचणे

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००९ मध्ये 'भुवन' हे नकाशांचे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर भूरूपे, जमिनीचा वापर आणि खडकातील भेगांच्या संभाव्य रेषा यांचे नकाशे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेच्या 'भूकोश' संकेतस्थळावर खडकांचे नकाशे मिळतात. नाला एकदम सरळ वाहत असेल किंवा काटकोनात वळत असेल, तर तेथे खडकात भेग असण्याची शक्यता तपासावी.

येथे सर्वांत महत्त्वाची खबरदारी घ्यावयाची आहे. यांतील बरेचसे नकाशे १ : ५०,००० या प्रमाणावर तयार केलेले आहेत. म्हणजे नकाशावरील १ मिलिमीटर हा जमिनीवरील ५० मीटर होय. १ एकराच्या चौरस शेताची बाजू सुमारे ६४ मीटर भरते, म्हणजे अशा नकाशावर तुमचे एक एकर जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढे असते. पडद्यावर नकाशा कितीही मोठा केला तरी त्यातील माहिती वाढत नाही, केवळ रेघ जाड दिसते. म्हणून अशा रेघेवर बोट ठेवून बोअरची जागा ठरवू नये.

पाठ ३ : विहिरीचा छेद नोंदविणे

पडद्यावर खडकाचा वरचा भागच दिसतो. आतील थर पाहावयाचे तर गावातील जुन्या विहिरी हेच उत्तम पुस्तक आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर काठावरूनच टेप सोडून मापे घ्यावीत, विहिरीत उतरू नये. प्रत्येक विहिरीसाठी पुढील नोंदी ठेवाव्यात :

१) माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण व गेरू यांची काठापासूनची खोली
२) झरे कोणत्या खोलीवर व कोणत्या दिशेने येतात
३) पाण्याची पातळी
४) पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर महिन्यांत मोजते. आपणही त्याच महिन्यांत मोजमाप करावे, म्हणजे तुलना करता येईल.

पाठ ४ : पडदा आणि विहीर यांचा मेळ घालणे

समजा, एका विहिरीच्या काठाची उंची ५६० मीटर असून ८ मीटर खोलीवर गेरूचा पट्टा आहे. तो ५५२ मीटर पातळीवर झाला. दुसरीचा काठ ५६६ मीटर उंचीवर असून पट्टा १४ मीटर खोलीवर आहे, म्हणजे तोही ५५२ मीटरवरच. हा एकच थर असण्याची शक्यता मोठी आहे. दोन्ही विहिरींना त्याच थराजवळ झरे असतील, तर त्या एकाच साठ्यातून पाणी घेत आहेत, असा अंदाज बांधता येतो. काठांच्या उंचीतील फरक मात्र डंपी लेव्हलने तपासून घ्यावा. अशा साठ्यावर तिसरी बोअर घेतल्यास नवीन पाणी मिळण्याऐवजी आहे तेच पाणी वाटले जाते आणि सर्वांच्याच विहिरी लवकर आटतात. ही गोष्ट एकट्याच्या सातबाऱ्यात दिसत नाही, गावाच्या एकत्रित नकाशातच दिसते.

पुढील शिक्षण

डेहराडून येथील भारतीय सुदूर संवेदन संस्था २००७ पासून दूरशिक्षणाद्वारे उपग्रह छायाचित्रे वाचण्याचे अभ्यासक्रम चालविते. गावातील महाविद्यालयीन मुला-मुलींनी ते करावेत व शेतकऱ्यांना मराठीतून समजावून द्यावेत. विहिरीतील थर ओळखण्याचे काम मात्र जाणत्या शेतकऱ्यांकडून मुलांनी शिकावे.

सारांश

प्रथम पडद्यावर परिसर पाहावा, नंतर विहिरींच्या नोंदी घ्याव्यात, दोहोंचा मेळ घालावा आणि तो कागद घेऊन जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयातील भूवैज्ञानिकांचा सल्ला घ्यावा. बोअरची गाडी बोलाविण्याचा विचार त्यानंतरच करावा.