वहीत न आलेली कमाई : नर्मदाकाठच्या आदिवासींचं जगणं



मध्यंतरी एका गटाची एमसीपी भरत होते. "शेतीशिवाय दुसरं उत्पन्न?" असं विचारलं. ताई म्हणाल्या, "काही नाही." मी शून्य लिहिलं. उठताना बघते तर अंगणात मोहफुलं वाळत घातलेली आणि आत चुलीवर नदीचे मासे शिजत होते! चूक माझीच. हीच चूक मोठ्या सरकारी हिशोबात झाली, तर काय होतं? त्यासाठी आज नर्मदाकाठाचा अभ्यास करू.

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या उत्तरेला नर्मदा वाहते. काठावर सातपुड्याच्या उतारांवर भिल्ल आणि पावरा समाजाची गावं. घरं एकमेकांना चिकटून नसतात, ज्याचं त्याचं घर शेताजवळच्या टेकडीवर. उतारावर ज्वारी, मका, तूर, उडीद. पाणी ओसरलं की काठच्या गाळात कलिंगड, काकडी. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोह वेचायला बाया-पोरं जंगलात. पुढे मोहाच्या बियांचं तेल, चारोळी, तेंदूपानं. मासे तर बाराही महिने. मीठ, कापड, लोखंड एवढ्यासाठीच बाजार गाठायचा.

आणि मजुरी? घर बांधायचं, निंदणी करायची, तर 'लाह' बोलवायची. शेजारपाजार येऊन काम करतो, घरधनी जेवण देतो. आज तुमच्याकडे, उद्या माझ्याकडे. मला तर हा आपल्या बचत गटाचाच जुना भाऊ वाटतो, फक्त त्यात पैसा नाही.

मग सरदार सरोवर धरण आलं. महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. १९७९ च्या लवादाच्या निवाड्यात ज्याची २५ टक्क्यांहून जास्त जमीन जाईल, त्या कुटुंबाला किमान २ हेक्टर ओलिताची जमीन ठरली. प्रत्येक सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला. सज्ञान मुलगी मात्र धरली नाही. जंगलातली जमीन कसणाऱ्या अनेकांकडे पट्टाच नव्हता, त्यांना आधी आपण शेतकरी आहोत हेच पटवून द्यावं लागलं. हिशोब जमिनीचा आणि घराचा. मासे, मोह, चारा, गाळातली काकडी, लाह हे कुठल्याच रकान्यात बसेना. आणि यातलं बरंचसं बायांच्या हातचं होतं.

आता आपल्या कामाचं. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासे, चराई, गौण वनोपज यांवर गावाचा सामूहिक हक्क मागता येतो. वैयक्तिक पट्टा विवाहित जोडप्याच्या नावे संयुक्त असतो, म्हणून तुमचं नाव त्यावर आहे का ते आजच बघा. सामूहिक दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो. वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हाही पुरावा चालतो, पण एकाहून जास्त पुरावे लागतात. म्हाताऱ्या आज्या आहेत तोवर लिहून घ्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक कागद आणावा. महिनावार लिहायचं : नदी, नाला, जंगल, गायरान यातून घरात काय आलं, किती आलं, ते कोणी आणलं. विकलं नसेल, घरी खाल्लं असेल, तरी लिहायचं. लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्या.

त्या ताईंचा कागद मी परत भरला. शून्याच्या जागी मोह, मासे, सरपण आणि चार बकऱ्यांचा चारा आला. रुपये किती, ते त्या अजून मोजतायत.

— तुमची क्षेत्र समन्वयक