शेळीची लस बैलाला कशी चालते?



२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आला, तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यात घरोघरी तोच विषय होता. वर्गातही तोच. सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, लस तर शेळीची हाय म्हणतेत. मग आमच्या बैलाला कशी चालंल? आबा म्हणतेत, टोचायची नाही."

प्रश्न लहान होता, पण त्याच्या घरची बैलजोडी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणार होती. बैल बसला तर गाडी थांबते, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र अंगावर राहते. अशा घरातल्या मुलाला "सरकारनं सांगितलंय म्हणून टोचा" हे उत्तर पुरत नाही. त्याला कारण सांगावं लागतं. हा पाठ त्यासाठीच आहे.

आधी रोग समजून घेऊ

लम्पी हा विषाणूमुळे होणारा त्वचेचा रोग आहे. तो प्रथम १९२९ मध्ये आफ्रिकेतल्या झांबियात दिसला आणि २०१९ मध्ये ओडिशात, म्हणजे भारतात आला. जनावराला ताप येतो, अंगावर गाठी उठतात, पाय सुजतात, चारा सुटतो, दूध आटतं. डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचीड हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. गायबैलांना तो जास्त होतो, म्हशींना कमी. माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायला हरकत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. त्या वर्षी भीतीपोटी बऱ्याच घरांनी दूध बंद केलं होतं.

नात्यातले विषाणू

आता मूळ प्रश्न. शेळ्यांची देवी, मेंढ्यांची देवी आणि लम्पी या तिन्ही रोगांचे विषाणू एकाच कुळातले, जणू सख्खे चुलत भाऊ. त्यांची ठेवण इतकी मिळतीजुळती की शरीराने एकाला ओळखायला शिकलं की दुसराही ओळखू येतो. लसीत असतो तो दुबळा केलेला विषाणू. तो रोग घडवत नाही, पण ओळख करून देतो. म्हणून शेळ्यांच्या देवीची लस बैलाला चालते.

ही युक्ती नवी नाही. १७९६ मध्ये इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी गायीच्या देवीचा उपयोग करून माणसाला देवीपासून वाचवता येतं हे दाखवलं. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लस टोचली गेली. भारतातलं ते पहिलं यशस्वी लसीकरण. म्हणजे तेव्हा गायीच्या रोगाने माणसाचं लेकरू राखलं, आणि २०२२ मध्ये शेळीच्या लसीने गायबैल. वर्गात ही दोन उदाहरणं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. मुलं दुवा स्वतःच जोडतात.

आपली स्वतःची लस

लम्पीच्या विषाणूपासूनच लस करण्याचं कामही चालू होतं. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेबरोबर ते केलं. रांचीकडच्या जनावरांतून मिळालेला विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला. 'लम्पी-प्रोव्हॅक' नावाची ही लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली. पण रोग दारात होता, म्हणून हाताशी असलेली शेळ्यांच्या देवीची लस राज्यभर मोफत टोचली गेली.

इज्जतनगरच्या या संस्थेची सुरुवात आपल्या पुण्यात, १८८९ मध्ये झाली हेही मुलांना सांगा. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना बुळकांडी आठवते का, हे विचारून यायला सांगा. गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग लसीकरणानेच हटला. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं.

"लस टोचली आन् बैल आजारी पडला"

ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. ती खोटी म्हणून उडवून लावू नका, तपासून पाहा. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही दिवस, कधी चार आठवडेही जातात. लसीचा असर यायला साधारण २१ दिवस लागतात. मधल्या काळात आजारी पडलेल्या बैलाला आधीच लागण झालेली असू शकते. टोचल्यावर थोडा ताप, सूज, दूध कमी होणं हेही दोनचार दिवस होतं. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नाही. विज्ञानाचा हा मोठा धडा गोठ्यात शिकवता येतो.

पोळ्याचं गणित

पोळा श्रावण अमावास्येला, दसरा अश्विन शुद्ध दशमीला. मध्ये साधारण ४० दिवस. लसीला हवेत २१. म्हणजे पोळ्याच्या आठवड्यात टोचलं तर टोळी निघेपर्यंत बैल तयार. दसऱ्याच्या आदल्या दिवशी टोचलं, तर बैल रिकाम्या हातानेच फडावर जातो. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या जिल्ह्याच्या शेकडो बैलांत. हे गणित मुलांकडून सोडवून घ्या. लस दर वर्षी लागते, त्यामुळे ते दर वर्षी उपयोगी पडतं.

खांदेमळणीला तूप-हळद लावताना आपला हात बैलाच्या मानेवरून, खांद्यावरून फिरतोच. तेव्हाच मुलांना पाहायला सांगा: गाठ आहे का, गोचीड आहे का, जुवाने खांदा सोलला आहे का.

गाठ सापडली तर तीन कामं. जनावर वेगळं बांधा, आणि त्याचा चारा-पाणीही वेगळं ठेवा. गोठा कोरडा ठेवून माश्या-गोचिडांचा बंदोबस्त करा. आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. साथीचा रोग कळवणं हे २००९ च्या कायद्याने मालकाचं कर्तव्यच आहे.

त्या मुलाला मी एवढंच म्हणालो, "शेळी आन् बैल वेगळे, पण त्यांचे रोग चुलत भाऊ. आबांना असंच सांग." पालकहो, तुमचं लेकरू असं काही सांगायला आलं, तर पाच मिनिटं बसून ऐका.