परा जिथून परतते
दत्ताची आरती आपण रोज म्हणतो, पण टाळ्यांच्या नादात अर्थ निसटतो. नाथमहाराजांच्या या आरतीत ‘परा’ येते, तिथे मी थांबतो. वाणी चार: परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी. सर्वांत खोल ती परा. तीही दत्तस्वरूपाशी पोचत नाही, मागे फिरते. मग आपली वैखरी कुठवर जाणार? पण पुढच्याच कडव्यात दत्तमहाराज स्वतः येऊन उभे राहतात! वाणी पोचत नाही, देव येतो. आपल्याकडून हवा तो भावाचा साष्टांग नमस्कार. शेवटी मी-तूपण हरपतं. नाममुद्रेतही ‘एका’ एकटा नाही, सद्गुरू जनार्दनस्वामी सोबत आहेत. यंदा दत्तजयंतीला आरती जरा सावकाश म्हणूया.