किल्ली आपल्या हाती : डिजिटल सही, सार्वजनिक किल्ली आणि ओपनएसएसएल

मराठवाड्यातील सामान्य कुटुंबाचा कागदाशी असलेला संबंध जुना आणि कष्टाचा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जमिनीच्या, शाळेच्या आणि गावकामगारांच्या अनेक जुन्या नोंदी उर्दूत आहेत. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. तो शोधताना हाती आलेला कागद पुष्कळदा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, त्याच्याबाबत दुसरा सांगेल तेच खरे मानावे लागते, हा आपल्या मागील दोन पिढ्यांचा अनुभव आहे.

आज तोच प्रश्न नव्या रूपाने आपल्यापुढे उभा आहे. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनी, राज्य शासनाने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू केला. १५ रुपये भरून तो घरबसल्या मिळतो आणि त्यावर तलाठ्याच्या शाईच्या सहीची आवश्यकता नसते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र ही कागदपत्रेही आता डिजिटल सहीने मिळतात. कंधार-मुखेडचा शेतकरी असो वा उदगीर-अहमदपूरचा विद्यार्थी, त्याच्या हातातील कागदावरची सही आता गणिताने केलेली असते. ही सही वाचण्याची विद्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना, पालकांना आणि समाजबांधवांना परिचित व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

दोन किल्ल्यांची कल्पना

हजारो वर्षे गुप्त लेखनाचा एकच मार्ग मानवाला ठाऊक होता. ज्या किल्लीने मजकूर बंद करावयाचा, त्याच किल्लीने तो उघडावयाचा. त्यामुळे ती किल्ली आधी गुपचूप दुसऱ्यापर्यंत पोहोचवावी लागे. १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनी वेगळा विचार जाहीरपणे मांडला. किल्ल्यांची जोडी करावी. एक स्वतःजवळ ठेवावी, दुसरी सर्वांना वाटून टाकावी. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमिर आणि ॲडलमन यांनी हा विचार प्रत्यक्षात आणणारी पद्धत शोधली. त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ती आरएसए म्हणून ओळखली जाते.

तिचे गणित आठवीच्या विद्यार्थ्यालाही करून पाहता येईल. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार ३३. दोन्ही संख्यांतून एकेक वजा करून गुणले की २ गुणिले १० म्हणजे २०. आता अशा दोन संख्या निवडा की त्यांच्या गुणाकाराला २० ने भागल्यास बाकी १ उरेल. ३ आणि ७ अशा आहेत, कारण ३ गुणिले ७ म्हणजे २१. ३३ आणि ३ ही आपली सार्वजनिक किल्ली. ती फळ्यावर लिहून ठेवावी. ७ ही खासगी किल्ली. ती कोणास सांगू नये.

समजा, ४ या अंकावर सही करावयाची आहे. ४ चा सातवा घात १६३८४. त्याला ३३ ने भागल्यास बाकी १६ उरते. ही १६ म्हणजे आपली सही. ४ आणि १६ हे दोन्ही आकडे मित्राकडे पाठवा. मित्र सार्वजनिक किल्लीने १६ चा घन करील. तो ४०९६. त्याला ३३ ने भागल्यास बाकी ४. मूळ अंक परत मिळाला, म्हणजे सही जुळली. वाटेत कोणी ४ चा ५ केला, तर सही मात्र अजूनही ४ च सांगेल आणि लबाडी उघडी पडेल.

३३ चे अवयव कोणीही काढील आणि ७ ही संख्याही शोधील, हे खरे. म्हणून प्रत्यक्षातील किल्लीत ३३ च्या जागी सुमारे ६१७ अंकी संख्या असते. २०२० मध्ये संशोधकांनी २५० अंकी अशा एका संख्येचे अवयव काढले. त्यासाठी एका प्रोसेसर-कोअरला सुमारे २७०० वर्षे लागतील इतके काम अनेक संगणकांत वाटून करावे लागले. गुणाकार सोपा, पण अवयव पाडणे कठीण, एवढ्या साध्या गोष्टीवर ही सारी व्यवस्था उभी आहे.

ओपनएसएसएल : हाताने करून पाहण्याचे साधन

ओपनएसएसएल हे मोफत व खुले साधन आहे. डिसेंबर १९९८ पासून ते प्रसिद्ध होत आले आहे आणि जगातील असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता त्यावर चालते. लिनक्स असलेल्या बहुतेक संगणकांत ते आधीपासूनच असते. त्याला चित्रे वा बटणे नाहीत. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एकेक आज्ञा टंकावी लागते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हीच त्याची थोरवी आहे, कारण प्रत्येक पायरी त्याला स्वतः समजून द्यावी लागते. पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लहान अक्षरांत लिहाव्यात, केवळ आरएसए मोठ्या अक्षरांत चालते.

पहिली पायरी, खासगी किल्ली तयार करणे :

ओपनएसएसएल जेनपीकी -अल्गोरिदम आरएसए -एईएस२५६ -आउट खासगी.पेम

यातील 'एईएस२५६' हा शब्द गाळू नये. त्यामुळे किल्लीला परवलीच्या वाक्याचे कुलूप बसते. ते गाळल्यास फाइल ज्याच्या हाती पडेल, त्याच्या हाती आपली सही पडली असे समजावे.

दुसरी पायरी, तिच्यातून सार्वजनिक किल्ली काढणे :

ओपनएसएसएल पीकी -इन खासगी.पेम -पबआउट -आउट जाहीर.पेम

'जाहीर.पेम' ही फाइल खुशाल सर्वांना द्यावी.

तिसरी पायरी, सही करणे. 'दाखला.टीएक्सटी' या फाइलमध्ये वार्षिक उत्पन्न ४८००० असे एक वाक्य लिहा आणि आज्ञा द्या :

ओपनएसएसएल डीजीएसटी -एसएचए२५६ -साइन खासगी.पेम -आउट सही.बिन दाखला.टीएक्सटी

येथे संगणक प्रथम संपूर्ण मजकुराचा एक ठसा काढतो. त्याला हॅश म्हणतात. मजकूर एका ओळीचा असो वा हजार पानांचा, हा ठसा ६४ चिन्हांचाच येतो. आणि मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा पूर्णपणे वेगळा होतो. सही होते ती या ठशावर. तयार झालेली 'सही.बिन' ही फाइल अवघी २५६ बाइटची असते.

चौथी पायरी, पडताळणी :

ओपनएसएसएल डीजीएसटी -एसएचए२५६ -व्हेरिफाय जाहीर.पेम -सिग्नेचर सही.बिन दाखला.टीएक्सटी

पडद्यावर 'व्हेरिफाइड ओके' हे शब्द उमटतील. आता दाखल्यातील ४८००० चे ४३००० करा आणि तीच आज्ञा पुन्हा द्या. उत्तर येईल, 'व्हेरिफिकेशन फेल्युअर'. विद्यार्थ्याने हे एकदा स्वतः पाहिले की डिजिटल सही म्हणजे पानाच्या कोपऱ्यातील नावाचे चित्र नव्हे, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

याच किल्ल्यांनी गुप्त संदेशही पाठविता येतो. त्यासाठी 'पीकीयूटीएल' ही उपआज्ञा आहे. समोरच्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद केलेला संदेश केवळ त्याच्या खासगी किल्लीने उघडतो. मात्र अशा किल्लीत नेहमीच्या पद्धतीने फार तर २४५ बाइट मावतात. म्हणून मोठी फाइल साध्या एकेरी किल्लीने बंद करून केवळ ती छोटी किल्ली या मार्गाने पाठविण्याचा प्रघात आहे.

किल्ली कोणाची, हे कोण सांगणार?

सही जुळली, पण ती ज्या किल्लीने जुळली ती किल्ली खरोखर संबंधित अधिकाऱ्याचीच कशावरून? गणित याचे उत्तर देत नाही; ते कायदा देतो. १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने डिजिटल सहीला कायदेशीर मान्यता दिली. व्यक्तीची ओळख तपासून तिच्या सार्वजनिक किल्लीला प्रमाणपत्र देणाऱ्या परवानाधारक संस्था आहेत आणि त्यांच्या वर केंद्र शासनाचे प्रमाणन प्राधिकारी नियंत्रक आहेत. नियंत्रक संस्थेची ग्वाही देतात आणि संस्था व्यक्तीची. ही साखळी पूर्ण असेल तरच सहीला कायद्याचे बळ येते. घरी ओपनएसएसएलने केलेली किल्ली शिकण्यासाठी उत्तम आहे, परंतु या साखळीबाहेरची असल्याने शासनदरबारी ती चालणार नाही.

पालकांना वारंवार पडणाऱ्या एका शंकेचे उत्तर येथेच आहे. दाखल्याची पीडीएफ उघडली की सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि कागद खोटा असल्याची भीती वाटते. बहुधा त्याचा अर्थ एवढाच असतो की आपल्या संगणकाने भारताच्या नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र अद्याप विश्वासू म्हणून नोंदविलेले नाही. लिनक्सवरील 'पीडीएफसिग' हे छोटे साधन दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी देते. सहीनंतर मजकूर बदलला आहे काय, हे एका ओळीत. आणि प्रमाणपत्र देणाऱ्यावर विश्वास ठेवला आहे काय, हे दुसऱ्या ओळीत. पहिले उत्तर प्रतिकूल आले तर कागद नाकारावा. केवळ दुसरे प्रतिकूल असेल तर घाबरू नये. मूळ प्रमाणपत्र अधिकृत ठिकाणाहून घेऊन पुन्हा तपासावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. डिजिटल सही फाइलमध्ये असते, छापील पानात नसते. कागदावर छापताच केवळ तिचे चित्र उरते. म्हणून मूळ पीडीएफ जपून ठेवावी. छापील सातबाऱ्याची खात्री करावयाची असेल, तर त्यावरील पडताळणी क्रमांकाने अधिकृत संकेतस्थळावर करावी.

या विद्येची मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. सही जुळणे म्हणजे मजकूर सहीनंतर बदललेला नाही, एवढेच. मुळात क्षेत्र चुकीचे लिहिले असेल किंवा वारसाचे नाव सुटले असेल, तर चुकीच्या नोंदीवरही सही तंतोतंत जुळते. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ अन्वये अर्ज करावा लागतो. म्हणून कागदावरील मजकूर स्वतः वाचण्याची जबाबदारी कोणत्याही यंत्रावर टाकता येणार नाही.

खासगी किल्ली म्हणजे अधिकार

आता आम्ही या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या आणि विद्यार्थिनींच्या वाट्याला सार्वजनिक पदे आली आहेत व येतील. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा जो निधी मिळतो, तो ई-ग्रामस्वराज प्रणालीतून खर्च होतो. तेथे ग्रामपंचायत अधिकारी देयक तयार करतात आणि सरपंच त्याला मंजुरी देतात. दोघांच्याही डिजिटल सह्या लागतात. सरपंचाची खासगी किल्ली पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये असते आणि त्याला पिन असतो. किल्ली त्या टोकनमधून बाहेर काढता येत नाही. म्हणजेच टोकन आणि पिन ज्याच्याकडे, सही त्याची.

आरक्षणाने पद मिळाले, शपथ झाली, खुर्ची मिळाली. परंतु टोकन दुसऱ्याच्या खिशात आणि पिन तिसऱ्याच्या वहीत असेल, तर गावाचा पैसा कोण खर्च करतो? ज्या कामावर सरपंचाने पाऊलही टाकलेले नाही, त्याच्या देयकावर तिची सही होऊ शकते आणि चौकशीत उत्तर मात्र तिलाच द्यावे लागते. कोऱ्या कागदावर अंगठा घेण्याच्या ज्या रीतीने आपले पूर्वज नाडले गेले, तिचेच हे नवे रूप होय. पूर्वी एका अंगठ्याने एक कागद जात असे. टोकन दिल्याने, प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंतचे सारे कागद जातात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४२ खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी घेण्याचे बंधन किल्लीधारकावरच घालते आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळविण्यास सांगते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास कलम ६६ क अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा टोकन मागणाऱ्यास 'मी स्वतः येऊन सही करीन' एवढे सांगण्यात कोणताही उद्धटपणा नाही. तो कायद्याचा आदेश आहे.

काय करता येईल?

नववी-दहावीच्या संगणक तासिकेत वरील चार पायऱ्या एका बैठकीत पूर्ण होतात. विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या सार्वजनिक किल्ल्या घ्याव्यात, सह्या तपासाव्यात आणि एकमेकांचे दाखले मुद्दाम बदलून पाहावेत. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीत गावी आल्यावर चार घरांतील दाखल्यांच्या पीडीएफ तपासून द्याव्यात. आणि तपासून देण्यापेक्षा तपासावयास शिकवावे. जे पदाधिकारी झाले आहेत, त्यांनी आपले टोकन आज कोठे आहे हे पाहावे, त्याचा पिन बदलावा आणि आजवर आपल्या सहीने मंजूर झालेल्या देयकांची यादी मागवून वाचावी.

उर्दूतील नोंद वाचावयास ज्यांना दुसऱ्याच्या दारी जावे लागले, त्यांची नातवंडे आज या विद्यालयाच्या संगणककक्षात बसली आहेत. आपल्या घरच्या दाखल्यावरील सही त्यांनी आजी-आजोबांना स्वतः तपासून दाखवावी, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.